नाव बाटलीवर लिहा, झाकणावर नाही

बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाल्यावर जळगावातल्या एका संशोधन प्रकल्पात लागले. वाटलं होतं, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसायचं. पहिल्याच दिवशी हातात व्हर्नियर कॅलिपर आली आणि सांगण्यात आलं, ओपीडीत जा, तोंडं मोजा.

विषय होता ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारी-गुटख्याने गालाचं आतलं अस्तर पांढुरकं, ताठर होतं, तोंड उघडेनासं होतं. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे तिथे कोलॅजन साचत जातं आणि काहींना पुढे कॅन्सर होतो. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण आमच्या ओपीडीबाहेरची रांग पाहून ते खरं वाटायचं नाही.

आम्हाला एवढंच पाहायचं होतं: तोंड किती मिलिमीटर उघडतं आणि गालाच्या आतून तपासणीसाठी काढलेल्या तुकड्यात (बायोप्सीत) काय दिसतं, याचा मेळ बसतो का?

मोजायचं असतं वरच्या-खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर. धडधाकट माणसात ते साधारण ४० मिमीच्या आसपास असतं. एकाच माणसाचं माझं माप २७ आलं, सहकाऱ्याचं ३१. तो "अजून, अजून" म्हणत होता, मी गप्प होते, एवढाच फरक! मग खुर्ची एक, डोकं टेकवलेलं, सूचना एकच, मापं तीन आणि सरासरी, असं ठरलं. जळजळ विचारणं त्याहून अवघड. अमळनेरकडचे एक बाबा म्हणाले, "तिखट खादं का तोंड जळस." शून्य ते दहामध्ये किती, विचारलं तर उत्तर आलं, "भलतं." फॉर्ममध्ये भलतंला रकाना नव्हता. शेवटी चेहऱ्यांची चित्रं दाखवायला लागलो.

तुकडा काढला की लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो खराब होऊ न देणाऱ्या द्रावणात, तेही तुकड्याच्या निदान दहापट. सलाईनमध्ये नाही. बाटलीच्या भिंतीला वर चिकटून वाळलेला तुकडा कुणाच्याच कामाचा नसतो. पुढे पॅराफिनचा, म्हणजे मेणाचा ब्लॉक आणि चारेक मायक्रॉनचे काप. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ला टेकला की मेण मऊ पडतं, कापांची रिबन चुरगळते. आमचे टेक्निशियन काका ब्लॉक बर्फावर ठेवायचे आणि सकाळी आठच्या आत कटिंग उरकायचे. मॅसन ट्रायक्रोमने रंगवलेल्या स्लाइडवर पातळ झालेल्या अस्तराखाली कोलॅजनचे निळे पट्टे पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या बाबांचं "जळस" कळलं.

मेळ मात्र दरवेळी बसत नाही. तुकडा एकाच जागेचा असतो, आजार ठिकठिकाणी कमी-जास्त, आणि तोंड अडतं ते कधी आत खोल, स्नायूंपर्यंत गेलेल्या पट्ट्यांमुळे. म्हणून स्लाइडवर फक्त कोड नंबर हवा आणि दोन पॅथॉलॉजिस्टनी ती वेगवेगळी वाचावी. माप आधी कळलं की डोळा तेच शोधतो.

आता माझी चूक. मी नावं झाकणांवर लिहायचे. एकदा फॉर्मॅलिन वाढवायला दोन बाटल्या एकदम उघडल्या, कुणीतरी हाक मारली, आणि परत आले तर कुठलं झाकण कुठल्या बाटलीचं, खात्री देता येईना. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी गाईडना सांगितलं. त्या दोन्ही रुग्णांना बोलावून चूक कबूल करून पुन्हा तुकडा मागायचं ठरलं. एकाने दिला. दुसरा आलाच नाही.

कागदपत्रांचा कंटाळा करू नका. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात येईपर्यंत एकही माप घ्यायचं नाही. रुग्णाला वाचता येत नसेल तर अंगठ्याबरोबर प्रकल्पाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो; वॉर्डातल्या आपल्याच माणसाची सही चालत नाही. गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाच्या नियमांचा कोर्स रुजू होण्याआधीच करा. एमबीबीएस किंवा बीडीएस करत असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) विद्यार्थ्यांसाठीची दोन महिन्यांची एसटीएस संशोधन योजना बघा, सुरुवातीला तेवढी पुरते.

आणि कापूस वेचणीत फॉलो-अपची तारीख देऊ नका. "मॅडम, कापूस घरात आला की येतो," म्हणतात, आणि बरेच जण खरंच येतात. एकाने तर आत येण्याआधी खिशातली पुडी बाहेरच्या खिडकीत ठेवली होती. माप दिलं, सही केली आणि जाताना आठवणीने घेऊन गेला.