आमदार-खासदारांपुढे फार्मासिस्टची बाजू मांडताना

‘आमच्या रुग्णसेवेची दखल घ्या’ एवढंच लिहिलेलं निवेदन घेऊन जाऊ नका. ते हसतमुखानं स्वीकारलं जातं आणि फायलीत जाऊन पडतं, कारण नेमकं काय करायचं हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

दखलीत दोन मागण्या दडलेल्या असतात: काम करण्याचा अधिकार आणि त्याचा मोबदला. एक मिळाली म्हणून दुसरी मिळत नाही. अमेरिकेत २००९ पर्यंत पन्नासही राज्यांनी फार्मासिस्टना लस टोचायची मुभा दिली. तरी मेडिकेअर या तिथल्या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यात, डॉक्टरांच्या सेवांचे पैसे देणाऱ्या ‘भाग बी’मध्ये, सेवा देणाऱ्यांच्या यादीत फार्मासिस्ट नसल्यानं रुग्णाला दिलेल्या वेळेचं बिल त्यांना स्वतःच्या नावानं लावता येत नाही. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ रोजी ‘फार्मसी फर्स्ट’ ही फार्मासिस्टनंच किरकोळ आजारांवर उपचार करण्याची योजना सुरू झाली, तेव्हा कोणते सात आजार आणि प्रत्येक सल्ल्यामागे १५ पौंड हे दोन्ही सुरुवातीलाच ठरलेलं होतं. मागणी इतकी नेमकी हवी.

आधी बदल कुठे हवा ते शोधा. कायद्याच्या कलमात असेल तर दुरुस्ती लागेल. नियमात असेल तर तो बदलणं खात्याच्या हातात; लोकप्रतिनिधी फार तर पत्र लिहील किंवा सभागृहात प्रश्न विचारेल. मग तेवढंच मागा.

खरी मेहनत आकड्यांची. निदान चार आठवडे काउंटरवर वही ठेवा. रकाने पाच: तारीख, सापडलेली अडचण (तेच औषध दोनदा, चुकीची मात्रा, दोन औषधांचं न जुळणं, ॲलर्जी), डॉक्टरांना कळवलं का, त्यांनी बदल केला का, किती मिनिटं गेली. चौथा रकाना रिकामा राहिला तर बाकी सगळं तुमचं मत ठरतं. एकूण प्रिस्क्रिप्शन किती आली तेही लिहा. ‘तीस चुका पकडल्या’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, कितीपैकी? ‘इतका खर्च वाचवला’ हा दावा मात्र टाळा. जे घडलंच नाही त्याचा खर्च वहीतून सिद्ध होत नाही, आणि एक आकडा कोसळला की उरलेल्यांवरचा विश्वासही जातो.

निवेदन एका पानाचं. वर मागणी आणि कलम, मध्ये दोन आकडे आणि एक उदाहरण. आठवड्यातून एकदा घ्यायचं मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचं औषध रोज लिहिलं गेलं होतं आणि ते दुकानातच थांबवलं, हे कुणालाही समजतं. ‘क्लिनिकल इंटरव्हेन्शन’ समजत नाही. रुग्णाचं नाव देऊ नका. छोट्या गावात वय आणि आजार एवढ्यावरूनही माणूस ओळखला जातो.

भेटीला तिघं पुरेत: एक बोलणारा, एक टिपणं घेणारा आणि त्याच मतदारसंघातला एक फार्मासिस्ट. दहा मिनिटं मिळतील असं धरून मागणी पहिल्या दोन मिनिटांत सांगा. स्वीय सहायकाला कमी लेखू नका, बहुतेकदा पुढचा कागद तोच हलवतो.

डॉक्टरांचं काम काढून घेता का, हा प्रश्न येणारच. टीका न करता मर्यादांचा कागद पुढे ठेवा: कोणत्या लक्षणांवर रुग्णाला लगेच डॉक्टरांकडे पाठवणार, कोणतं प्रशिक्षण घेणार, नोंद कुठे ठेवणार. उत्तर माहीत नसेल तर ‘दोन दिवसांत कळवतो’ म्हणा आणि खरंच कळवा.

दुसऱ्या दिवशी आभाराचं पत्र पाठवा. त्यात त्यांनी काय कबूल केलं ते तारखेसह लिहा. दोन आठवड्यांनी फोन करा. जमलं तर त्यांना अर्धा तास दुकानात बोलवा, पण गर्दीच्या वेळी. रिकाम्या काउंटरवर दाखवण्यासारखं काही नसतं.