रॉटवायलरच्या पिल्लाला आयजीपीची सुरुवात कशी करून द्यावी

रॉटवायलर घरी आणला की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी हमखास सल्ला देतं, याला बांधून ठेवा, बाहेरची माणसं दाखवू नका, कच्चं मटण घाला, मग बघा कसा कडक होतो. तसा कुत्रा कडक वगैरे काही होत नाही, भित्रा होतो, आणि पन्नास किलोचा भित्रा कुत्रा सोसायटीत असणं हे कोणाच्याच भल्याचं नाही. त्यात वर्किंग स्पोर्टसाठी तर असा कुत्रा पहिल्याच दिवशी बाद.

आयजीपी हा काम करणाऱ्या कुत्र्यांचा परीक्षेसारखा खेळ, म्हणजे आधीचं शुट्झहुंड, मधे काही वर्षं त्याला आयपीओ म्हणायचे, २०१९ पासून आयजीपी. तीन भाग असतात, जमिनीवरचा माग काढणं, आज्ञापालन आणि प्रोटेक्शन (म्हणजे राखण, पकडणं आणि सांगितलं की सोडणं), प्रत्येकी १०० मार्क आणि पास व्हायला प्रत्येकात किमान ७० लागतात. त्याच्याही आधी बीएच नावाची आज्ञापालनाची आणि स्वभावाची परीक्षा, ती १५ महिन्यांच्या आत देताच येत नाही, आणि आयजीपी १ ला १८ महिने पूर्ण लागतात. म्हणजे तुमच्या हातात भरपूर वेळ आहे. हे मुद्दाम सांगतेय कारण लोक मॅलिनॉइजच्या (बेल्जियन शेफर्डची चपळ जात) पिल्लाचे व्हिडिओ बघतात आणि चार महिन्यांच्या रॉटवायलरकडून तेच करून घ्यायला जातात. हा मूळचा गुरं हाकणारा आणि खाटकाचं गाडं ओढणारा कुत्रा आहे, अंगाने लवकर भरतो पण डोक्याने दोन-अडीच वर्षांपर्यंत पोरच असतो. दिसतो मोठा म्हणून त्याच्यावर मोठ्या कुत्र्याएवढं प्रेशर टाकायचं नाही, बास.

लसी, जंतनाशक, महापालिकेचं लायसन्स, साधा रुंद पट्टा, हार्नेस, आठ-दहा मीटरची लाँग लाइन (लांब दोरी) हे सगळं झालेलं आहे असं धरून चालते.

पहिलं काम, वाटीतलं जेवण बंद

दिवसाच्या जेवणातला बराचसा भाग हातातून, काम करून घेत द्या. बस, उठ, झोप, डाव्या पायाशी नाक वर करून चालणं हे सगळं खाण्याच्या मागे नाक फिरवून येतं, आठवडाभरात येतं, यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

जग दाखवणं

बीएचमधे कुत्र्याला रस्त्यावर नेतात, सायकलवाले, पळणारी माणसं, गाडीचा हॉर्न, आणि मालक नजरेआड गेल्यावर एकटं बांधून ठेवलेलं असताना शेजारून दुसरा कुत्रा जातो. आपल्याकडे हे सगळं फुकटात मिळतं, रिक्षा स्टँडच्या समोर वीस मिनिटं नुसतं बसा. कोणाला हात लावू द्यायचा नाही, पिल्लाने कोणाकडे ओढत जायचं नाही, बघायचं आणि सोडून द्यायचं. आणखी एक, आज्ञापालनाच्या भागात बंदुकीचे आवाज काढतात आणि आवाजाला घाबरणारा कुत्रा बाहेर जातो. म्हणून काही हुशार लोक पिल्लाशेजारी सुतळी बॉम्ब लावतात, 'सवय व्हावी' म्हणून! कृपा करून नको. ढोल-ताशाचा सराव चालतो तिथून लांब, पार लांब उभं राहून खेळा, कान मागे जात नाहीत तोवरच जवळ जा. दिवाळीच्या मुख्य दिवसांत संध्याकाळी घरात ठेवा.

माग काढणं

हे मात्र लहानपणापासून करा, पिल्लाला सगळ्यात सोपं हेच जातं. सकाळी लवकर, दव असताना, सोयाबीन निघून गेलेलं किंवा नुकतं नांगरलेलं रान बघा, शेतकऱ्याला आधी विचारा आणि फवारणी कधी झाली हेही विचाराच. सुरुवातीला एक पाऊल लांबी-रुंदीचा चौकोन पायाने नीट तुडवायचा, त्यात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे, मग तिथून सरळ रेषेत पंधरा-वीस पावलं, चवड्याला टाच लावत, प्रत्येक पावलात एक तुकडा. वारा पाठीमागून येईल असं बघा, समोरून वारा असला की पिल्लू डोकं वर करून हवेत वास घेतं आणि आपल्याला तर नाक जमिनीत हवंय. घाई करू नका, लाइन हातात ढिली ठेवा, पुढे ओढलं तर जागीच उभे रहा. युरोपातली माणसं सांगतात माग टाकून ठेवा, जरा जुना होऊ द्या. आपल्या रानात पाच-दहा मिनिटांत मुंग्या सगळं चिकन घेऊन जातात आणि पिल्लाला मुंग्या चावल्या की ते आठवडाभर जमिनीला नाक लावत नाही, तेव्हा सुरुवातीला माग ताजाच चालवा. एप्रिल-मेमधे ऊन चढायच्या आत घरी, काळं अंग आहे, तापतं लवकर. आणि घरी आल्यावर बोटांच्या मधे, कानात, काखेत गोचीड बघा, रोज बघा. गोचीड ताप झाला की ट्रेनिंग तर बाजूलाच राहिलं, कुत्रा वाचवायची धावपळ होते.

चिंधी

आठ आठवड्यांपासून गोणपाटाची पट्टी दोरीला बांधून जमिनीवरून पळवायची, पिल्लाने पकडली की हलका ताण, मग सोडून द्यायची, त्याला घेऊन फिरू द्यायची. महागडे टग (ओढाओढीची खेळणी) पहिल्या सहा महिन्यांत घ्यायची गरज नाही. चिंधी नेहमी पिल्लाच्या छातीच्या उंचीला, उड्या मारायला लावायच्या नाहीत, मागच्या पायांवर आदळून खुबे खराब करून घ्यायचे असतील तर गोष्ट वेगळी. पुढच्या दातांनी कुरतडलं तर लगेच जिंकू देऊ नका, हलका ताण ठेवा, त्याने पुढे सरकून दाढेपर्यंत भरून तोंडात घेतलं की त्याच क्षणी सोडा. हेच शिकायचंय त्याला, भरून पकडलं की मिळतं. दोन-तीन मिनिटं, आणि अजून हवंय असं वाटत असतानाच बंद.

चौथ्या महिन्याच्या आसपास दुधाचे दात पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत हे चालतं. तेव्हा टग बंद. पूर्ण बंद. 'हळू खेळतो ना' हेही नको. हिरड्या सुजलेल्या असताना एकदा दुखलं की पकड उथळ होते आणि ती पुन्हा भरायला महिने जातात. या काळात माग आणि खाण्यावरचं आज्ञापालन भरपूर करा.

'सोड', खरी कसोटी

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. सगळ्या ट्रेनिंगमधे माझं डोकं सगळ्यात जास्त कशाने फिरवलं असेल तर याने, कारण जितकी माणसं भेटली तितके उपाय, आणि बहुतेक उपाय कुत्र्याशी भांडण करण्याचे. परीक्षेत स्लीव्ह, म्हणजे हेल्परच्या (हल्लेखोर बनून कुत्र्यासमोर येणाऱ्या माणसाच्या) हातावरची जाड बाही, सोडण्यासाठी एकच आज्ञा धरलेली असते, आणखी दोनदा सांगायची मुभा असते पण मार्क जातात, तिसऱ्यांदाही सोडलं नाही की कुत्रा बाद, मग आधीचं सगळं कितीही छान झालेलं असो.

रॉटवायलरला वस्तूवर मालकी सांगायला आवडतं. मॅलिनॉइजला खेळ चालू राहण्यात मजा वाटते, तो टग परत तुमच्या अंगावर आणून आपटतो. रॉटवायलर टग घेऊन कोपऱ्यात जाऊन त्याच्यावर आडवा पडतो आणि तुमच्याकडे बघतो. मग आपण काय करतो, तर जाऊन तोंडातून ओढतो. ओढलं की त्याला वाटतं खेळ चालू झाला, तो अजून घट्ट धरतो. मग आवाज चढतो, मग कोणीतरी सांगतं ओठ दातांवर दाबा, मग काटेरी पट्टा येतो. तरण्या कुत्र्याला या वयात काटेरी पट्ट्याने सोडायला शिकवलं की माझ्या पाहण्यात दोनच गोष्टी होतात, एकतर तो झटका येईल म्हणून अजून आवळून धरतो, किंवा सोडतो पण सोडायच्या आधीच पकड चघळायला लागतो, आणि चघळणारी पकड पुढे स्लीव्हवर तशीच दिसते, मार्क तिथेही जातात.

चिकनचा तुकडा दाखवून सोडवायचं हा दुसरा लाडका उपाय. पिल्लू लहान असताना ठीक, पण मोठ्या कुत्र्याला याने लवकर सोडायची सवय लागते, डोळा सगळा तुमच्या खिशावर, पकड अर्धी. आणि ज्या दिवशी पोट भरलेलं असतं त्या दिवशी ढिम्म हलत नाही. मी हे करत नाही आणि कोणाला करूही देत नाही.

त्याऐवजी असं करा. पक्के दात आलेले असावेत, पकड शांत आणि भरलेली असावी, वय साधारण आठ-दहा महिने, पण वयापेक्षा पकड बघा. लांबट टग घ्या, दोन्ही बाजूंना हँडल असलेला. कुत्र्याला रुंद पट्टा. मनसोक्त खेळा, त्याला एकदा जिंकू द्या, फेरी मारू द्या, मग लाइनवर परत तुमच्याकडे बोलवा. आता टग दोन्ही हातांनी धरून तुमच्या मांडीला घट्ट चिकटवा आणि टग मरू द्या. म्हणजे ओढायचं नाही, हलवायचं नाही, वर उचलायचं नाही, बोलायचंही नाही. कुत्रा झटके मारत असेल तर एक हात पट्ट्यात घालून त्याला टगच्या जवळच ठेवा, मागे खेचायचं नाही, नुसतं झटके मारायला जागा द्यायची नाही. आणि थांबा. पहिल्या दिवशी हे थांबणं जिवावर येतं, मिनिट जातं, दोन जातात, कुत्रा तुमच्याकडे बघतो, गुरगुरतो, परत दाबतो. तुम्ही खांबासारखे उभे. कधीतरी जबडा ढिला पडतो. तो पडला, की त्याच क्षणी 'हां!' आणि टग जिवंत, लगेच परत पकडायला द्या आणि आधीपेक्षा जोरात खेळा. खरं बक्षीस हेच आहे, सोडलं की खेळ पुन्हा सुरू होतो आणि जास्त चांगला होतो. हे त्याच्या डोक्यात बसलं की तो स्वतःहून पटकन सोडायला लागतो, तुम्हाला आश्चर्य वाटेल इतकं पटकन.

शब्द अजून आलेला नाही हे लक्षात घ्या. टग मेला की लगेच सोडतोय अशी तुमची खात्री झाली, पैज लावायची तयारी झाली, की मगच शब्द. आधी 'सोड' एकदाच, शांत आवाजात, मग एक श्वास थांबा, मग टग मारा. हा क्रम उलटा करू नका. बहुतेक जण टग थांबवतात आणि त्याच वेळी बोलतात, मग कुत्रा हात थांबण्यावरून शिकतो आणि शब्दाला काही अर्थच उरत नाही, पुढे हेल्परच्या हातात स्लीव्ह असताना तुम्ही लांबून ओरडलात की तो ऐकतच नाही. आणि 'सोड, सोड, अरे सोड ना, सोऽऽड' हे बंद. एकदा बोललात की तोंड मिटायचं.

काही दिवसांनी सोडल्यावर लगेच पकडू न देता अर्धा सेकंद, मग एक, मग तीन सेकंद तुमच्याकडे बघायला लावा. इथे घाई केली की तो परस्पर उडी मारून टग घेतो आणि तुमची बोटं मधे येतात. टग तोंडासमोर फिरवून चिडवू नका.

गुरगुरण्याबद्दल. खेळताना रॉटवायलर आवाज करतो, खालच्या पट्टीत बडबडतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण अंग लाकडासारखं कडक, डोळ्याचं पांढरं दिसतंय, टगवर मान आडवी टाकून गोठलाय आणि तुम्ही जवळ गेलात की आवाज बदलतो, तर तिथेच थांबा, टगच्या मागे लागू नका, लाइन धरून चालायला लागा, चालता चालता सोडेल. असं वारंवार होत असेल तर घरच्या घरी पुढे जाऊ नका, काम करणारे कुत्रे ज्याच्या हाताखालून गेलेत अशा माणसाला दाखवा. आणि घरातल्या मुलांनी टग खेळायचा नाही, एवढं तरी ऐका.

उड्या

वर्ष-सव्वा वर्षापर्यंत अडथळे नाहीत, ए-फ्रेम (दोन्ही बाजूंनी उतरती चढायची भिंत) नाही. खुब्याचा आणि कोपराचा एक्सरे काढून घ्या, मगच.

हेल्पर

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. 'अटॅक ट्रेनिंग' म्हणून पिल्लाला साखळीने बांधायचं, एक माणूस काठी घेऊन अंगावर धावून येणार, पिल्लू घाबरून भुंकलं की टाळ्या. हे भीतीवर चाललेलं काम आहे आणि रॉटवायलर वयात येताना तीच भीती घेऊन रस्त्यावर उतरतो. मार्च २०२४ मधे केंद्राने धोकादायक म्हणून ज्या २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना सांगितलं त्यात आपला रॉटवायलरही होता, कर्नाटक हायकोर्टाने ते परिपत्रक एप्रिलमधे रद्द केलं, पण नजर आपल्यावर आहेच.

वर्षाच्या आत हेल्परनेही तुमच्यासारखीच चिंधी खेळायची, पुढे चावायची गादी, मग मऊ स्लीव्ह, पिल्लाने प्रत्येक वेळी जिंकायचं, काठीचा धाक नाही. हेल्पर निवडताना त्याला फी विचारायच्या आधी सांगा, तुमच्या हाताखालचा एखादा मोठा कुत्रा काम करताना दाखवा, आणि तो कुत्रा स्लीव्ह कशी सोडतो ते बघा. एका शब्दावर सोडून शांत बसून त्याच्याकडे बघत राहिला तर तुमचं पिल्लू त्याच्याकडे न्या. मालक येऊन पट्टा पिरगाळून सोडवायला लागला तर चहा पिऊन घरी या.