मागचे पाय गेलेल्या खारीची लघवी कशी सांभाळावी

लिंबावरून पडलेली, मांजराच्या तोंडातून सुटलेली किंवा पावसाळ्याआधी फांद्या छाटताना घरट्यासकट खाली आलेली खार घरात आली की सगळ्यांचे डोळे तिच्या पायांकडे जातात. चालेल का, पुन्हा झाडावर चढेल का, एवढंच विचारलं जातं. पण मागचा भाग लुळा पडलेल्या खारीच्या जिवाला पायांपेक्षा मोठा धोका लघवीचा असतो. कण्याला मार बसला की पायांच्या नसांसोबत लघवीच्या पिशवीच्या नसाही बंद पडू शकतात. पिशवी भरते, रिकामी होत नाही, आत जंतू वाढतात, लघवी मागे फिरून मूत्रपिंडावर ताण येतो. पुढच्या दोन पायांवर फरफटत फिरणारी, आवडीने खाणारी खार बरेच दिवस नीट जगू शकते. त्यासाठी तिची पिशवी वेळच्या वेळी मोकळी होते की नाही, यावर रोज कुणाची तरी नजर हवी.

पायरी १ : आधी वनविभागाला कळवा

खार आपल्या अंगणात, माळवदावर, देवळाच्या चिंचेवर दिसते म्हणून ती पाळीव होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ताब्यात आलेल्या वन्यप्राण्याची माहिती ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला द्यावी लागते. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क क्रमांक त्यासाठी आहे. फोन केल्याची वेळ आणि बोललेल्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून ठेवा. हौसेसाठी खार पिंजऱ्यात ठेवणाऱ्यांसाठी हा लेख नाही. वनविभागाच्या माहितीने जखमी खार ज्यांच्या हाती सोपवली आहे, किंवा ती सोपवेपर्यंत ज्यांना तिला जगवायचं आहे, त्यांच्यासाठी आहे.

पायरी २ : पाय कशाने गेले, ते शोधा

लुळेपणा म्हणजे कणा मोडलाच, असं धरून चालू नका. बरेच दिवस घरात फक्त शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि बिस्किटांवर वाढलेल्या खारीचे पायही गळतात. या खाण्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी. शिवाय ऊन मिळालं नाही तर शरीर हाडांमधलंच कॅल्शियम ओढून घेतं. हाडं मऊ पडतात, मागचे पाय थरथरतात, मग उचलेनासे होतात. हा आजार वेळेत ओळखला तर सुधारतो, म्हणून एक्स-रे हवाच. त्यात मूतखडाही दिसला तर दिसतो.

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गाई-म्हशी, शेळ्या जास्त येतात. तिथल्या डॉक्टरांना खारीचा सराव नसेल तर त्यांनाच पुढे कुठे पाठवायचं ते विचारा. मराठवाड्यात परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. दोन्ही नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. निघण्याआधी फोन करून एक्स-रेची सोय कधी असते ते विचारून घ्या.

एक गोष्ट वेगळी ओळखा. डोळे न उघडलेल्या पिल्लाला स्वतःहून लघवी करताच येत नाही. आई चाटते तेव्हा होते. तिथे लुळेपणाचा संबंध नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने दर वेळी पाजण्याच्या आधी-नंतर हलकेच पुसलं की पिल्लू मोकळं होतं.

पायरी ३ : अंथरूण पांढरं ठेवा

उंच पिंजरा नको. पसरट, बुटका, तळाला जाळी नसलेला खोका किंवा प्लास्टिकचा टब चालतो, वरून जाळी. तळाला पाणी शोषणारं जाड सुती कापड, त्यावर मऊ, दोरे न निघणारं पांढरं कापड. जुन्या धोतराचा तुकडा उत्तम. टर्किश टॉवेल नको, त्याच्या फासांत नखं अडकतात आणि खार ओढत बसते. सुटा कापूस पायाला गुंडाळतो. लाकडाचा भुसा ओल्या कातडीला चिकटून बसतो.

पांढऱ्या कापडाचा आग्रह लघवीचा रंग दिसावा म्हणून. फिकट पिवळा डाग ठीक. गडद पिवळा म्हणजे पाणी कमी पडतंय. गुलाबी, तांबूस किंवा विटकरी दिसला तर आदल्या दिवशी बीट दिलं होतं का ते आठवा. दिलं नसेल तर रक्त समजा. डाग वाळल्यावर बोटाला रेतीसारखी कचकच लागली, तर कापडाचा तो तुकडा कापून डॉक्टरांकडे न्या.

दाणे सांडले की मुंग्या येणारच, आणि लुळ्या खारीला त्यांच्यापासून पळता येत नाही. खोका चार विटांवर ठेवून प्रत्येक वीट पाण्याच्या ताटलीत ठेवा.

पायरी ४ : पिशवी मोकळी करणं

ही पायरी वाचून शिकायची नाही. डॉक्टरांनी तुमचा हात धरून किमान एकदा दाखवलं पाहिजे, आणि दुसऱ्यांदा तुम्ही करताना त्यांनी पाहिलं पाहिजे. खाली लिहिलंय ते घरी आल्यावर आठवायला.

सगळ्यात फसवणारी गोष्ट आधी सांगते. लघवी गळतेय म्हणजे लघवी होतेय, असं नाही. काही खारींची पिशवी काठोकाठ भरते आणि वरचं थोडं थोडं ओघळत राहतं. कापड ओलं दिसतं, माणूस निश्चिंत होतो, आणि आत पिशवी ताणलेलीच राहते. त्यामुळे कापड पाहून नाही, पोटाला हात लावून ठरवा.

हात धुऊन पातळ हातमोजे घाला. खारीला टॉवेलमध्ये सैल गुंडाळून छाती तळहातावर टेकवा, मागचा भाग मोकळा ठेवा. छाती आवळू नका, तिचा श्वास कोंडतो. आधी कोमट ओल्या कापडाने लघवीच्या जागेवर पाऊण-एक मिनिट हलकेच पुसा. काहींना एवढ्यानेच सुटते. सुटली नाही तर अंगठा आणि तर्जनी मांड्यांच्या किंचित पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना ठेवा. भरलेली पिशवी पाण्याच्या लहान फुग्यासारखी बोटांमध्ये जाणवते. दोन्ही बाजूंनी सावकाश, एकसारखा दाब देत तो शेपटीच्या दिशेने न्या. धार लागली की दाब तसाच ठेवा, वाढवू नका. धार थांबली की सोडा.

दाबूनही थेंब येत नसेल आणि पिशवी टणक लागत असेल, तर तिथेच थांबा. वाट बंद असताना जोर केला तर पिशवी फुटू शकते. नरांमध्ये ही वाट जास्त अरुंद, म्हणून त्यांच्याबाबत जास्त सावध राहा. तिथे केस किंवा सुकलेली पापडी अडकली आहे का, तेही रोज बघा.

दिवसातून तीन ते चार वेळा, म्हणजे साधारण सहा ते आठ तासांनी हे करावं लागतं. तुमच्या खारीसाठी नेमकं किती वेळा ते डॉक्टर सांगतील. रात्रीचं अंतर फार वाढू देऊ नका. झोपण्याआधी शेवटची आणि उजाडताच पहिली, असं ठेवलं की घरातल्या माणसालाही झेपतं.

पायरी ५ : कातडी कोरडी

ओल्या लघवीने कातडी भाजल्यासारखी लाल होते, केस झडतात, मग जखम. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की अळ्या पडायला वेळ लागत नाही. जून ते सप्टेंबर खोक्यावर मच्छरदाणीचं कापड हवंच, आणि शेपटीखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला सकाळ-संध्याकाळ उजेडात बघायला हवं. अळी दिसली तर तेल, फिनाईल, तंबाखू काही टाकू नका. खारीला आहे तशी दवाखान्यात न्या.

धुवायला फक्त कोमट पाणी. पूर्ण आंघोळ नको, मागचा भाग तेवढा. मग टिपून घ्या, चोळू नका. डेटॉल, टाल्कम पावडर, हळद-तेल यांतलं काही नको. हळदीचा लेप जखम झाकतो आणि खाली ओल धरून ठेवतो. लहान बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरचं मलम लावायचा मोह होतो, पण त्यात बहुधा झिंक ऑक्साईड असतं, आणि खार लावलेलं सगळं चाटून पोटात घेते. मलम डॉक्टरांनी दिलेलंच. लंगोट बांधायला मी कुणालाच सांगत नाही. ओल आत कोंडते आणि खार तो कुरतडून गिळते.

पायरी ६ : पाणी आणि मराठवाड्याचा उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की पत्र्याखालच्या खोलीत खारीच्या अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, लघवी घट्ट होते, आणि घट्ट लघवीत खडे आणि जंतू दोन्हींचं फावतं. खोका घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, फरशीजवळ ठेवा. एका बाजूला ओलं तरट टांगा, दुसरी बाजू कोरडी, म्हणजे तिला जागा निवडता येते. कूलरचा झोत थेट अंगावर नको.

पाणी दोन ठिकाणी ठेवा: बुटक्या जड वाटीत आणि खाली बांधलेल्या नळीच्या बाटलीत. बोअरच्या पाण्याचे क्षार त्या नळीच्या तोंडाशी असलेल्या छोट्या गोळीवर साचतात आणि गोळी अडकते. बाटली भरलेली दिसते, खार मात्र तहानलेली. रोज बोट लावून थेंब येतो का बघा, आठवड्यातून एकदा नळी लिंबाच्या रसात भिजवून घासा. काकडीच्या चकत्या, टरबुजाचा बोटभर तुकडा यांतूनही पाणी जातं. सिरिंजने पाजायचं झालं तर ओठाच्या कडेला थेंब थेंब. घशात सोडलं तर फुप्फुसात जातं.

पायरी ७ : खाणं

शेंगा, करडई, सूर्यफूल आपल्याकडे घरोघरी असतात, आणि खार मिटक्या मारत खाते, म्हणून तेच दिलं जातं. दाणे दिवसाला एक-दोन, तेही शेवटी. आधी भाज्या: दोडका, दुधी, गाजर, शेवग्याचा कोवळा पाला, थोडी मेथी. पालक, चुका, घोळ टाळा. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि खड्यांच्या बाबतीतही ते त्रासाचं. मीठ-तिखट लागलेली भाकर, शेव, बिस्कीट, चहात बुडवलेली पोळी नको. गाईचं दूध पिल्लालाही नको, जुलाब होतात.

कॅल्शियमची पावडर मनाने सुरू करू नका. हाडं मऊ असतील तर ती लागते, पण लघवीत कॅल्शियमचा गाळ येत असेल तर तीच नडू शकते. एक्स-रे आणि लघवीची तपासणी हातात आल्यावर डॉक्टर मात्रा ठरवतील. सकाळचं कोवळं ऊन मात्र रोज मिळू द्या, काचेतून नव्हे, आणि खोक्याचा अर्धा भाग सावलीत ठेवून. कुरतडायला कडुलिंबाची किंवा बोरीची काडी द्या. पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात.

पायरी ८ : वजन आणि वही

आपल्याकडची पट्ट्यांची, पूर्ण वाढलेली खार साधारण १०० ग्रॅमच्या आसपास भरते. एवढ्याशा जिवात १० ग्रॅम घटणं म्हणजे मोठं दुखणं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या आणि रोज सकाळी, पिशवी मोकळी केल्यावर, वजन लिहा. त्याच काट्यावर लघवीही मोजता येते. कोरडं कापड मोजायचं, ओलं झाल्यावर पुन्हा मोजायचं. १ ग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास १ मिलिलिटर लघवी. वेळ, अंदाजे किती, रंग, वास, खाल्लं का, लेंड्या झाल्या का, एवढे रकाने पुरेत. डॉक्टरांना तुमच्या आठवणीपेक्षा ही वही जास्त सांगते.

औषध कधी आणि कोणतं

संसर्गाची शंका आली की लघवीचा नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्या. नंतर घेतला तर जंतू नीट सापडत नाहीत. डॉक्टरांनी दिलेला कोर्स खार टवटवीत दिसू लागली तरी अर्ध्यात सोडू नका. माणसांच्या गोळ्या पाव-अष्टमांश करून देणं फार घातक आहे. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, घरात उरलेलं अँटिबायोटिक, यांतलं काहीही नको. खडे फोडणाऱ्या झाडपाल्याच्या औषधांनाही हेच लागू.

बारा तासांत लघवी झाली नाही, पोट फुगून टणक झालं, दाबताना ती ओरडली, लघवीत रक्त दिसलं, खाणं सुटलं किंवा अंग गार पडून ती सुस्त झाली, तर सकाळची वाट बघू नका. पूर्ण अडलेली लघवी एका दिवसात जीव घेऊ शकते.

तुमचीही काळजी घ्या. कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हाताला जखम असेल तर हातमोज्याशिवाय हात लावू नका आणि तिची कापडं वेगळी धुवा. चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुऊन माणसांच्या डॉक्टरांना दाखवा.

काही खारींचं दुखणं कशानेही हटत नाही. पिशवी पुन्हा पुन्हा बिघडते, वजन उतरतच जातं, खार अंग चोरून बसते आणि आवडीचा दाणाही नाकारते. तेव्हा डॉक्टर आणि वनविभाग यांच्याशी दयामरणाबद्दल मोकळेपणाने बोला. सेवा कमी पडली म्हणून ही वेळ येते, असं मला वाटत नाही.

दवाखाना दूर असेल तर

गावाहून परभणीला किंवा उदगीरला जायचं म्हणजे एसटीचे काही तास. निघण्याच्या आधी पिशवी मोकळी करा. हवा खेळणारा पुठ्ठ्याचा खोका, आत दोन घड्या कापड, काकडीचे तुकडे, वरून पातळ ओढणी. उन्हाळ्यात पहाटेची गाडी धरा आणि खोका खिडकीच्या उन्हात ठेवू नका. वही आणि डाग पडलेलं कापड सोबत न्या. परत निघण्याआधी तिथेच पुन्हा एकदा मोकळी करून घ्या, शक्यतो डॉक्टरांसमोर. आणि घरातल्या आणखी एका माणसाला याच फेरीत सोबत न्या. तुम्हाला लग्नाला, शेतावर, दवाखान्यात कुठेही जावं लागेल, तेव्हा दुपारची पाळी त्या माणसाच्या हातांनी होईल, आणि ते हात डॉक्टरांनीच शिकवलेले असतील.