जुना गिटार ॲम्प घ्यायचा का सोडून द्यायचा: पैसे देण्याआधी काय काय पाहायचं

आपल्या इकडे गिटारचा जुना ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी मशीन, निघतो तो बहुतेक बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून, एखाद्या चर्चच्या अडगळीतून, नाहीतर मुंबईला नोकरी करून परत आलेल्या कोणाच्या माळ्यावरून. विकणारा सांगतो, "इम्पोर्टेड माल आहे भाऊ, आता असा बनत नाही." बनत नाही हे खरं, पण बिघडला तर दिग्रस-पुसद-हिंगणघाटला तो दुरुस्त कोण करणार ते तो सांगत नाही. म्हणून माझं म्हणणं एकच आहे, कंपनीची पाटी पाहून भाव ठरवू नका. त्यातली जी वस्तू जळाली तर आपल्या टापूत मिळत नाही ती शाबूत आहे का ते पाहा आणि त्यावर भाव ठरवा, बाकी सगळं बदलता येते.

आधी फोनवर: व्हॉल्व्हचा का ट्रान्झिस्टरचा?

जायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो मागवा. समोरचा फोटो सगळेच पाठवतात, त्यात काही कळत नाही. मागून पाहिलं की काचेचे व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत राहायच्या तशा काचेच्या नळ्या) लटकलेले दिसतात का ते कळते, आणि पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

व्हॉल्व्हवाला म्हणजे फेंडर, व्हॉक्स, मार्शल या जातीचा. आवाज गोड, वजन बेक्कार, आणि मेकॅनिक मिळणं मुश्किल. ट्रान्झिस्टरवाल्यात सगळ्यात नावाजलेला म्हणजे रोलँडचा जेसी-१२०, १९७५ पासून निघतो, आणि त्याचा साफ आवाज आजही लोक मुद्दाम शोधतात. जुन्या देशी ट्रान्झिस्टर मशीनमध्ये बरेचदा २एन३०५५ हा पॉवर ट्रान्झिस्टर राहते, आणि तो आजही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो, टीव्ही दुरुस्त करणारा पोरगाही बदलून देते. लग्नात, गणपतीत, गावच्या कार्यक्रमात वाजवायचं असेल तर मी ट्रान्झिस्टरवालाच घ्या म्हणीन, याच्यावर कोणाला भांडायचं असेल तर भांडा.

व्हॉल्व्हचाच पाहिजे असेल तर पहिले मेकॅनिक शोधा, मग ॲम्प. तालुक्याच्या जागी एखादा म्हातारा रेडिओवाला अजून सापडतो, ज्यानं तरुणपणी व्हॉल्व्हचे रेडिओ उघडले होते. बीईएल म्हणजे भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं बेंगळुरूला १९६१ पासून असे व्हॉल्व्ह बनवले, त्यामुळे त्या पिढीला ही विद्या माहीत आहे. अशा काकांना विचारून घ्या की ईसीसी८३, ईएल८४, ईएल३४, ६एल६ या व्हॉल्व्हपैकी काही तुम्ही हाताळलं का. (१२एएक्स७ आणि ईसीसी८३ एकच, नावं दोन, घाबरू नका.) ते हो म्हणाले तर अर्धं काम झालं. त्यांना चहापाणी आणि गाडीभाडं देऊन सोबतच घेऊन गेलात तर सगळ्यात बेस.

अजून एक, काही लोक भोंग्याची अहुजा मशीन "गिटार ॲम्प" म्हणून विकून राहिले. मशीन चांगली राहते, पण ती भाषणाची, गिटार त्याच्यात पातळ आणि कर्कश वाजते. तिला भोंग्याच्या मशीनचाच भाव द्या. आणि तिच्या मागे ७० किंवा १०० व्होल्ट लाईन लिहिलेला जो पॉईंट राहते तिथं गिटारचा स्पीकर लावायचा नाही.

मागची पाटी वाचा, व्होल्टेजची

जुन्या अमेरिकन ॲम्पवर ११० ते १२० च्या मधला कोणतातरी आकडा लिहिलेला राहते आणि ६० सायकल. जपानच्या घरगुती मालावर १००. आपल्या प्लगात २३० येते. नुसती पिन बदलून कोणी तो आपल्या बोर्डात लावला असेल तर ट्रान्सफॉर्मर गेला समजा, आणि हा ट्रान्सफॉर्मरच ती वस्तू आहे जी इकडे मिळत नाही. गुंडाळून देणारे नागपूरला भेटतील, पण तो अस्सल राहत नाही आणि खर्चही बारीक नसतो. इंग्लंडचा ॲम्प असेल तर टेन्शन कमी, तिकडची लाईन आपल्यासारखीच, पण मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असेल तर तो कुठं फिरवून ठेवला आहे ते डोळ्यानं पाहा.

१२० वाला घ्यायचाच असेल तर २३० चे १२० करणारा वेगळा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. पाटीवर जितके वॉट लिहिले त्याच्या दीडपट तरी घ्या. पण त्यात एक गोम आहे, स्वस्तातल्या स्टेपडाऊनला दोन पिनचंच सॉकेट राहते, म्हणजे अर्थिंग तिथंच तुटते. आणि ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० सायकलच्या लाईनवर जास्त तापतो, वरून आपला मे महिना ४५ डिग्रीचा.

सोबत काय न्यायचं

मल्टिमीटर, टेस्टर, टॉर्च, स्वतःची गिटार, स्वतःची चांगली केबल, घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल, एक पेन्सिल. आणि सिरीज बोर्ड, जो कोणत्याही वायरमनकडे राहते, १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावलेला, म्हणजे ॲम्पला जाणारा करंट आधी बल्बातून जाते. एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच पाहिजे.

बंद असताना पाहणी

पहिले हात लावून पाहा ॲम्प गरम तर नाही. तुम्ही यायच्या आधी तासभर चालवून ठेवला असेल तर थंड असताना येणारी खरखर तुम्हाला ऐकूच येणार नाही. गरम असेल तर चहा घ्या, गप्पा करा, थंड होऊ द्या.

मग नाक लावा. जळक्या वार्निशचा वास ट्रान्सफॉर्मरच्या बाजूनं येत असेल तर मी तिथंच भाव अर्धा करतो किंवा उठतो. मेणासारखं काही गळून खाली साचलं का, ट्रान्सफॉर्मरचा कागद काळा पडला का तेही पाहा.

ठेवला कुठं होता ते विचारा. कापसाच्या खोलीत असेल तर धूळ आणि उंदीर, वायरी कुरतडलेल्या सापडतात. युरियाच्या पोत्याजवळ असेल तर जास्त वाईट, तो माल ओल ओढतो आणि चेसिसला (आतल्या लोखंडी सांगाड्याला) गंज चढते. कॅबिनेटच्या खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हरनं ठोकून पाहा, उधई लागलेलं लाकूड पोकळ बोलते. वरचं कापड फाटलं, बटनाची टोपी नाही, हँडल तुटलं, याचं काही वाटून घेऊ नका, भाव पाडायला मात्र कामात येते.

आता स्पीकर. कोनच्या (स्पीकरच्या कागदी पडद्याच्या) दोन्ही बाजूला बोटं ठेवून हळूच समान दाबा. मऊ मागं-पुढं गेला तर ठीक, आतून खर्रर्र घासला तर कॉईल चुंबकाला लागून राहिली. स्पीकरची पिन ॲम्पमधून काढून मल्टिमीटर लावा, ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवते. पिन न काढता मोजलं तर भलताच कमी आकडा येईल, कारण मधात ट्रान्सफॉर्मर जोडलेला आहे. मीटर नसेल तर तो दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा, टक् असा आवाज येऊन कोन हलला पाहिजे. कोन बदलून मिळते, म्हणून फाटक्या स्पीकरमुळे सौदा मोडू नका, पण जुना ओरिजिनल स्पीकर शाबूत असणं ही मोठी गोष्ट आहे.

मेन प्लगचं मोजमापही करा, बोर्डात न लावता, ॲम्पचं बटन ऑन करून. दोन मुख्य पिनांमध्ये थोडे ओहम यायला पाहिजे. काहीच आलं नाही तर फ्यूज गेला असेल, नाहीतर गुंडाळी. अर्थिंगची पिन आणि चेसिसचा उघडा लोखंडी भाग यात जवळपास शून्य, आणि बाकी दोन पिना ते चेसिस काहीच दाखवायला नको. हे तीन आकडे विकणाऱ्याच्या तीन गोष्टींपेक्षा जास्त खरं बोलतात.

चेसिस मात्र स्वतः उघडू नका. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत ३०० ते ५०० व्होल्ट राहते आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये साचून राहते. आत हात फक्त त्या रेडिओवाल्या काकांनी घालायचा.

व्हॉल्व्हच्या काचेत वर किंवा बाजूला एक चंदेरी डाग राहते. तो चंदेरी असेल तर ठीक. पांढरा, दुधासारखा झाला असेल तर आत हवा गेली, तो व्हॉल्व्ह मेला.

चालू करायची वेळ

पहिले सॉकेटात किती व्होल्ट आहे ते मोजा. संध्याकाळी लाईन पडली की व्हॉल्व्ह ॲम्पचा आवाज ढिला पडतो, आणि मग दोष लाईनचा का ॲम्पचा हे कळत नाही.

वर्षानुवर्षं बंद असलेला ॲम्प सरळ प्लगात घालू नका, सिरीज बोर्डातून लावा. स्पीकर जोडलेला आहे ना ते दोनदा पाहा, व्हॉल्व्ह ॲम्प बिना स्पीकरचा चालवला तर आऊटपुट ट्रान्सफॉर्मर (स्पीकरच्या आधीचा दुसरा ट्रान्सफॉर्मर) जाते. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर चांगलं. पूर्ण उजेडात पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद. बल्ब मंद राहिला तर मग बल्ब काढून सरळ लाईनवर घ्या. व्हॉल्व्हच्या आतली मोठी पट्टी लालभडक होत असेल तर तेव्हाही लगेच बंद करा. काचेला निळसर छटा दिसली तर भिऊ नका, ती बरेचदा नॉर्मल राहते.

व्हॉल्यूम शून्यावर ठेवून ऐका. शून्यावरही जाड घूंऽऽ येत असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले, २०-२५ वर्षांनंतर ते होतेच, याला घाबरायचं नाही, पण खर्चात धरायचं. घूं व्हॉल्यूमसोबत वाढत असेल तर पहिले केबल बदलून पाहा. नॉब फिरवताना खरखर आली तर कचरा साचला, स्प्रे मारला की जाते. हात न लावता तडतड होत असेल तर ते वेगळं दुखणं आहे आणि शोधायला वेळ लागतो. पेन्सिलच्या मागच्या रबरानं छोट्या व्हॉल्व्हला अलगद टिचकी द्या, थोडं टिंग होणारच, पण स्पीकरमधून टण्ण करून शिट्टी निघाली तर तो एक व्हॉल्व्ह बदलायचा. रिव्हर्ब (स्प्रिंगनं आवाज घुमवणारी सोय) असेल तर कॅबिनेटला हळूच धक्का द्या, स्प्रिंगचा ढण्ण आवाज आला म्हणजे टँक जिवंत आहे.

मग अर्धा तास वाजवा. विकणारा कंटाळला तरी वाजवा. बरेच दोष गरम झाल्यावरच येतात, आवाज हळूहळू बसत जातो किंवा मधातच गायब होतो. सगळे इनपुट, सगळे नॉब, आणि एकदा तरी मोठ्या आवाजात.

अर्थिंगचं लय सांभाळा

ही गोष्ट मी सगळ्यात वर ठेवीन. जुन्या अमेरिकन ॲम्पला दोन पिन राहते आणि आत लाईनपासून चेसिसपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला राहते, तिकडचे लोक त्याला डेथ कॅप (मरणाचा कपॅसिटर) म्हणतात, नावातच सगळं आलं. तो लीक झाला तर गिटारच्या तारांवर करंट येते, आणि समोर माईकला ओठ लागले की झटका. आपल्याकडे अर्ध्या घरांत अर्थिंगची पिन नुसती शोभेची, मंडपात तर विचारूच नका. ॲम्प चालू असताना गिटारच्या तारांना टेस्टर लावून पाहा, लाईट लागला तर हात लावायचा नाही. हा दोष म्हणजे सौदा तुटला असं नाही, तीन पिनची वायर आणि तो कपॅसिटर काढणं हे काकांचं छोटं काम आहे, पण ते झाल्याशिवाय वाजवायचं नाही, घरच्या पोराला तर नाहीच.

"साठ सालचा आहे" म्हणतात ते

फेंडर ट्विन रिव्हर्बचं उदाहरण घ्या. काळ्या पॅनेलवाले १९६३ पासून निघाले, चंदेरी पॅनेल १९६८ पासून. चंदेरी पॅनेल दाखवून कोणी "पासष्टचा" म्हणत असेल तर हसून ऐकून घ्या. जुन्या मॉडेलचे नवे रीइश्यूही आहेत, ते वाईट नाहीत, पण भाव जुन्याचा द्यायचा नाही. अमेरिकन स्पीकरच्या लोखंडावर आकडे छापलेले राहते, सुरुवातीला २२० म्हणजे जेन्सन, ४६५ म्हणजे ऑक्सफर्ड, आणि पुढचे आकडे साल आणि आठवडा. २२०६४३२ असेल तर जेन्सन, १९६४, ३२ वा आठवडा. स्पीकर ॲम्पपेक्षा दहा वर्षं नवा निघाला तर तो बदललेला आहे.

भाव

समजा तो वीस हजार म्हणतो. तुमच्या वहीत लिहा: कपॅसिटर, व्हॉल्व्ह, स्टेपडाऊन, वायर-पिन, काकांची मजुरी, गाडीभाडं. काकांना आधीच विचारून ठेवलेले आकडे टाका. बेरीज आठ हजार आली तर तुमच्यासाठी तो अठ्ठावीसचा ॲम्प आहे, वीसचा नाही, आणि अठ्ठावीसमध्ये नवा वॉरंटीवाला काय येते ते त्याच दिवशी पाहून घ्या. मेनचा आणि आऊटपुटचा या दोन्हीपैकी एकही ट्रान्सफॉर्मर गेलेला असेल तर मी भंगाराच्या भावाच्या वर जात नाही, पाटी कोणतीही असो. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर शाबूत, खरखर आणि घूं मात्र भरपूर, असा ॲम्प सगळ्यात फायद्याचा, कारण ऐकणारे पळून जातात आणि दुरुस्ती सोपी राहते. मनात बसला तर हजार रुपये इसार देऊन ठेवा, बाकीचे काकांनी उघडून पाहिल्यावर, हे सगळ्यांसमोर बोलून घ्या.

आणताना

व्हॉल्व्ह थंड झाल्यावर काढा, कोणता कुठं होता त्याचा फोटो काढून ठेवा, पेपरात गुंडाळून पिशवीत स्वतःच्या मांडीवर. ट्विनसारखा ॲम्प २९ किलोच्या आसपास जातो, एकट्यानं उचलायच्या फंदात पडू नका. एसटीच्या टपावर नको, खड्ड्यांनी ट्रान्सफॉर्मरचे नट ढिले होतात. गाडीत स्पीकरचं तोंड सीटकडे करून ठेवा, आणि घरी आल्यावर ते नट कसून, व्हॉल्व्ह बसवून, पहिल्यांदा परत सिरीज बोर्डातूनच लावा.