पियानो कॉम्प्युटरला जोडताय? या चुका टाळा

केबल लावली, सॉफ्टवेअर उघडलं, रेकॉर्डचं बटण दाबून मनापासून वाजवलं आणि ट्रॅक मात्र कोरा. अशा वेळी पियानोही बिघडलेला नसतो आणि कॉम्प्युटरही. बहुतेकदा घोळ असतो तो दोन वाटा एकच समजण्यात.

डिजिटल पियानोतून कॉम्प्युटरकडे दोन गोष्टी जाऊ शकतात, आवाज आणि मिडी. १९८३ पासून वापरात असलेल्या या मिडीत आवाजाचा लवलेशही नसतो. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली (हा जोर १ ते १२७ अशा आकड्यांत मोजतात), कधी सोडली, पेडल कधी खाली गेलं, एवढीच नोंद त्यात असते. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले स्वर, हवं असेल तर मिडी पाठवा. तुमच्या पियानोचा स्वतःचा आवाज जसाच्या तसा हवा असेल तर ऑडिओ. ऑडासिटी उघडून मिडीची वाट पाहत बसणारे खूप असतात, पण ते आवाज रेकॉर्ड करण्याचं सॉफ्टवेअर आहे, मिडी रेकॉर्ड करतच नाही. त्यासाठी रीपर, क्यूबेस, गॅरेजबँड यांसारखं सॉफ्टवेअर लागतं किंवा थेट म्यूझस्कोर हे नोटेशन लिहिण्याचं सॉफ्टवेअर. काही नव्या पियानोंत एकाच यूएसबी केबलमधून आवाज आणि मिडी दोन्ही जातात, पण ही सोय आपल्या मॉडेलमध्ये आहेच असं गृहीत धरू नका. पुस्तिकेत ‘यूएसबी ऑडिओ’ असा स्पष्ट उल्लेख शोधा.

केबल आणि पोर्ट

पियानोच्या मागे बऱ्याचदा दोन यूएसबी पोर्ट असतात. चपटा लांबट पोर्ट पेनड्राइव्हसाठी असतो, त्यावर ‘टू डिव्हाइस’ लिहिलेलं असतं. कॉम्प्युटरसाठी असतो तो ‘टू होस्ट’, जवळजवळ चौकोनी, प्रिंटरच्या केबलचा. चपट्या पोर्टाला कॉम्प्युटर जोडून काहीही साधत नाही. केबल तीन मीटरपेक्षा लांब नको आणि निदान पहिल्यांदा तरी मध्ये हब न घालता थेट जोडा. पियानोला यूएसबी-सी किंवा मायक्रो यूएसबी असेल तर केबल फक्त चार्जिंगची नाही ना, हेही पाहा.

जुन्या पियानोला पाच पिनांचे गोल सॉकेट असतात. तिथे पियानोचं ‘आउट’ इंटरफेसच्या (पियानो आणि कॉम्प्युटर यांच्यामधल्या जोडउपकरणाच्या) ‘इन’ला जातं. तयार यूएसबी-मिडी केबलींवर मात्र ‘इन’ म्हणजे कोणाचं इन, हे प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीनं ठरवते. काहीच येत नसेल तर दोन्ही टोकांची अदलाबदल करून पाहा, त्यानं काही जळत नाही. अगदी स्वस्तातल्या केबलींवर माझा भरवसा नाही. दाट कॉर्ड आणि पेडल एकदम आले की त्या नोट गाळतात, किंवा एखादी नोट सोडली तरी वाजतच राहते.

पियानो यादीत दिसत नाही

मॅकवर सहसा काही बसवावं लागत नाही. विंडोजवर काही मॉडेलना कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर लागतो. क्रमही महत्त्वाचा आहे: आधी पियानो सुरू करा, मग सॉफ्टवेअर. अनेक प्रोग्रॅम उपकरणांची यादी फक्त सुरू होताना वाचतात. विंडोजवर आणखी एक अडचण येते. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतो. पियानो शिकवणारं एखादं पान ब्राउझरमध्ये उघडं राहिलं असेल तर पोर्ट त्यानंच अडवलेला असू शकतो. आणि मधेच जोडणी तुटत असेल तर पियानोचं ऑटो पॉवर ऑफ बंद करा. आपण नोटेशनमध्ये दुरुस्त्या करत बसतो, तेवढ्यात पियानो आपला आपण झोपी जातो.

एक पट्टी दाबली, दोन आवाज आले

हा दोष लोकांना सगळ्यात जास्त छळतो. पट्टी दाबली की पियानो स्वतः वाजतो. तीच नोट सॉफ्टवेअरकडे जाते, तिथून परत पियानोकडे येते आणि पुन्हा वाजते. किंवा सॉफ्टवेअरमधलं व्हर्च्युअल वाद्य किंचित उशिरा वाजतं. परिणाम एकच, आवाज पोकळ किंवा दुहेरी लागतो. इथे रिव्हर्ब आणि आवाजाची बटणं चाचपण्यात अर्थ नाही. पियानोच्या मेन्यूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा, म्हणजे पट्ट्या आणि पियानोचा आतला आवाज यांचा संबंध तुटतो. पियानोचाच आवाज ऐकत वाजवायचं असेल तर उलट करा: लोकल चालूच ठेवा आणि सॉफ्टवेअरमधल्या त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग (वाजवताना सॉफ्टवेअरमधून आवाज ऐकवणं) बंद करा. लोकल बंद ठेवून केबल काढली की पियानो मुका होतो, आणि दुसऱ्या दिवशी घरातलं कोणीतरी तो बिघडला म्हणून घाबरतं. बऱ्याच मॉडेलमध्ये पियानो बंद करून पुन्हा चालू केला की ही सेटिंग मूळ जागी येते.

उशीर

व्हर्च्युअल वाद्य वापरताना बोट आणि आवाज यांत फट जाणवत असेल तर बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ते, तपासा. ४४,१०० सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे सुमारे ३ मिलिसेकंद, १०२४ चा म्हणजे सुमारे २३, आणि बाकीच्या साखळीचा उशीर त्यावर वेगळा. विंडोजवर नेहमीच्या ड्रायव्हरऐवजी ‘आसिओ’ (ASIO) हा कमी उशिराचा ड्रायव्हर निवडल्याशिवाय हे आकडे सहसा खाली येत नाहीत. ब्लूटूथ हेडफोन लावून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न करू नका, तारेचे वापरा. ब्लूटूथ मिडी ही वेगळी गोष्ट आहे. त्यातही थोडा उशीर असतो, पण आवाज ब्लूटूथवरून ऐकण्याइतका नसतो.

ऑडिओ घेताना

लॅपटॉपच्या एकुलत्या हेडफोन जॅकमध्ये पियानोचं आउटपुट घालू नका. त्यातली आत येणारी वाट माइकची असते, तीही मोनो, त्यामुळे आवाज फाटतो. दोन लाइन इनपुट असलेला साधा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि डावा-उजवा दोन्ही जोडा. सगळ्यात जोरात वाजवलेला भाग उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) द्या. गुणगुण ऐकू येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. ती थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे आणि ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (पियानो आणि इंटरफेस यांच्यामध्ये लावायची छोटी पेटी) तो मिटवतो.

नोटेशन: इथेच खरी निराशा होते

मनमोकळं वाजवायचं आणि सॉफ्टवेअरनं छापील प्रत हातात ठेवायची, ही अपेक्षाच चुकीची आहे. मेट्रोनोम न लावता वाजवलं तर मात्रा कुठे सुरू होते हे सॉफ्टवेअरला कळायला मार्ग नसतो. मग बत्तिसांश विराम, टाय आणि ठिपके यांचं जंगल उगवतं. ऐकण्यासाठीचं रेकॉर्डिंग आणि लिहिण्यासाठीचं रेकॉर्डिंग वेगळं ठेवा. लिहिण्यासाठी क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून, संथ आणि थोडं कोरडंच वाजवा. मग त्या फाइलची प्रत काढून, तुकड्यात खरोखर असलेल्या सर्वांत लहान मात्रेवर क्वांटाइझ करा, म्हणजे नोटा त्या मात्रेच्या चौकटीत सरकवून बसवा. सगळीकडे सोळांश धरलं की ट्रिपलेटची (दोनाच्या जागी बसणाऱ्या तीन नोटांची) वाट लागते. छोट्या तुकड्यासाठी मी तर एकेक नोट टाकण्याची स्टेप पद्धतच सुचवेन, म्यूझस्कोरमध्ये ती झटपट होते.

पेडलवर टिकवलेले स्वर कागदावर आखूड दिसतात, कारण नोटेची लांबी बोट कधी उचललं यावरून ठरते. म्हणून लिहिण्यासाठी वाजवताना पट्टी पूर्ण वेळ दाबून ठेवा. प्रत्येक नोट दोनदा उमटत असेल तर पियानोवर दोन आवाज एकत्र लावलेले नाहीत ना ते पाहा. काही मॉडेल दुसरा आवाज वेगळ्या चॅनलवरून पाठवतात. सगळंच दोन स्वर वर किंवा खाली दिसत असेल तर ट्रान्सपोज (सगळे स्वर वर-खाली सरकवण्याची सोय) चालू राहिलं असेल. मधला सी कुठे सी-३ तर कुठे सी-४ म्हणून दिसतो, तो दोष नाही. मिडीत त्याचा क्रमांक ६०च असतो, नाव देण्याची प्रत्येक कंपनीची रीत तेवढी वेगळी.

दोन्ही हात एकाच स्टाफवर (नोटेशनच्या पाच रेषांवर) आले तर विभाजनबिंदू, म्हणजे कोणत्या स्वरापासून डावा हात संपून उजवा सुरू होतो ते, ठरवता येतो, पण हात एकमेकांच्या भागात जाणाऱ्या रचनेत तो निरुपयोगी ठरतो. तिथे दोन्ही हात वेगवेगळे रेकॉर्ड करा. आणि एफ शार्प की जी फ्लॅट, हे नोट क्रमांकावरून कधीच कळत नाही. की सिग्नेचर (सुरुवातीला लिहायची शार्प-फ्लॅटची खूण) आधी ठरवून दिलं तर बहुतेक चिन्हं बरोबर पडतात, उरलेली हातानं बदलावी लागतात.