ओटीपोटात एका बाजूला दुखतंय: अंडाशयाचं दुखणं ओळखणं आणि सोलापुरात वेळेवर दाखवणं

ओपीडीत पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "ओटीपोटात बाजूला दुखायलंय." एवढ्यावरून कुठल्याही डॉक्टरला फारसं काही ठरवता येत नाही. अंडाशय, म्हणजे आपण सगळे जिला ओव्हरी म्हणतो ती, बदामाच्या आकाराची आणि तीन-साडेतीन सेंटिमीटर लांब असते. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक. उजवीच्या शेजारी अपेंडिक्स, डावीच्या शेजारी मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, पुढे मूत्राशय, मागून मूत्रनलिका. या सगळ्यांचं दुखणं तळहाताएवढ्या जागेत जाणवतं. म्हणून जागेपेक्षा वेळ महत्त्वाची: दुखणं पाळीच्या कितव्या दिवशी आलं, एकदम आलं की हळूहळू वाढलं, सोबत काय होतंय.

आधी तातडीचं

पाळी लांबलेली आहे, किंवा आली पण नेहमीपेक्षा अगदी कमी गेली, एका बाजूला दुखतंय, डाग लागतायत आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर नळीतला गर्भ (गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजलेला) समजूनच निघायचं. खांद्याच्या टोकाला दुखू लागलं तर पोटात रक्त साठल्याची ती खूण असू शकते. शेवटच्या पाळीपासून सहा ते आठ आठवड्यांत हे जास्त दिसतं. "माझं ऑपरेशन झालंय, दिवस कसे जातील?" हे उत्तर इथे घात करतं. कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेल्या किंवा तांबी बसवलेल्या बाईला दिवस जाण्याची शक्यता फार कमी असते, पण गेलेच तर गर्भ नळीत असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं.

दुसरं, ओव्हरीला पडलेला पीळ. पाच सेंटिमीटरच्या वरची गाठ असेल तर वजनाने ओव्हरी स्वतःभोवती फिरते, आधी शिरा आणि मग धमनी दाबली जाते. दुखणं एकदम येतं, बहुतेक वेळा उलट्या घेऊन येतं, कधी तासभर थांबून पुन्हा येतं. मधल्या त्या तासाभराच्या आरामामुळेच बायका घरी थांबतात. उजव्या बाजूला पीळ थोडा जास्त पडतो, कारण डावीकडे आतड्यामुळे फिरायला जागा कमी. कॉलेजच्या मुलींनाही पडतो, तेव्हा "पाळीचं दुखत असेल" म्हणून झोपवून ठेवू नका. काही तासांत पीळ सोडवला तर ओव्हरी वाचते. काळी-निळी दिसणारी ओव्हरीसुद्धा पुष्कळदा जागच्या जागी ठेवता येते.

दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आणि अंगावरून दुर्गंधीचं पांढरं-पिवळं जाणं, किंवा पोट फळीसारखं कडक होणं, किंवा तासाभरात पूर्ण पॅड भिजेल असं जाणं, हेही घरी बघत बसायचं प्रकरण नाही.

अशा वेळी १०८ ला फोन करा. सोलापुरात सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, किंवा जिथे रात्री स्त्रीरोगतज्ज्ञ, सोनोग्राफी आणि भूलतज्ज्ञ तिन्ही मिळतील असं मोठं रुग्णालय गाठायचं. अक्कलकोट, मंगळवेढा किंवा मोहोळच्या गावातून येत असाल तर निघण्याआधी फोनवर एवढंच विचारा: "आता सोनोग्राफी होईल का, आणि लागलं तर आता ऑपरेशन होईल का?" एकाही प्रश्नाचं उत्तर "सकाळी" असेल तर तिथे थांबून रात्र घालवू नका. निघाल्यापासून खाणं-पिणं बंद, चहासुद्धा नको. सोनोग्राफीसाठी पाणी प्यावं लागतं हे आठवून कुणीतरी लिटरभर पाणी पाजतं, आणि मग भूल द्यायला पोट रिकामं होण्याची वाट बघावी लागते. बेशुद्धीसारखं वाटत असेल तर दुचाकीवर मध्ये बसवून आणू नका.

पाळीचं कॅलेंडर

तातडीचं नसेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन-तीन पाळ्या नोंद ठेवा. अंगावर जायला लागलं तो दिवस पहिला. दुखलं त्या तारखेला चार गोष्टी लिहा: डावी की उजवी बाजू, दहापैकी किती, किती वेळ टिकलं, आणि त्याआधी काय घडलं (संबंध, ओझं उचलणं, शौचाला कुंथणं). गोळी घेतली असेल तर तिचं नाव. "अधूनमधून दुखतं" याच्यापेक्षा अशा पंधरा-वीस नोंदींवरून डॉक्टरला कितीतरी जास्त कळतं.

नोंदींत काय शोधायचं? पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत, कधी या बाजूला कधी त्या बाजूला दुखत असेल तर ते बीज बाहेर पडतानाचं दुखणं. त्याला उपचार लागत नाही. पाळीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, संबंधानंतर किंवा जड उचलल्यावर एकदम कळ आली आणि मग दिवसभर ठणकत राहिलं, तर बीज गेल्यावर उरलेली गाठ फुटून किंवा तिच्यात रक्त साठून तसं होतं. बहुतेक वेळा ते आपोआप शोषलं जातं, पण चक्कर येत असेल तर वर "आधी तातडीचं"मध्ये सांगितलं तेच लागू.

पाळीच्या दोन-चार दिवस आधीच दुखायला सुरू होतं, पाळीत कळस गाठतं, संबंधाच्या वेळी आत खोल दुखतं, पाळीत शौचाला बसताना कळ येते, ही मांडणी एंडोमेट्रिओसिसची. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर, ओव्हरीवर वाढतो आणि तिथेही दर महिन्याला रक्त सुटतं. जुनं रक्त साठून चॉकलेटी गाठ होते. याचं निदान व्हायला वर्षं जातात. त्याचं मोठं कारण घरातलंच असतं: "बाईच्या जातीला एवढं दुखतंच." शाळा बुडते, कामावर खाडा होतो, गोळीने थांबत नाही, असं दुखणं नेहमीचं मानायचं नाही.

पाळीशी काहीच संबंध न लागता रोज बोथट दुखणं, बारीक ताप, वजन उतरणं, पाळी कमी होत जाणं, मूल राहत नसणं असं एकत्र दिसलं तर आपल्याकडे क्षयाचा विचार करावा लागतो. गर्भाशय आणि नळ्यांनाही टीबी होतो आणि खोकला नसतानाही होतो.

पीसीओडीबद्दल, म्हणजे ओव्हरीत बारीक बारीक गाठी दिसतात त्या तक्रारीबद्दल, थोडं स्पष्ट बोलायला हवं. सोनोग्राफीत पीसीओडी दिसली की सगळं दुखणं तिच्या नावावर खपवलं जातं. पीसीओडीने पाळी लांबते, तोंडावर केस येतात, वजन वाढतं. पोट दुखणं हे तिचं लक्षण नव्हे. तेव्हा "पीसीओडी आहे म्हणून दुखतं" असं ऐकलं तर दुखण्याचं दुसरं कारण शोधलं का, हे विचारा.

पाळी बंद झाल्यावर नव्याने पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, सारखी लघवी लागणं आणि ओटीपोटात जड वाटणं असं दोन-तीन आठवडे टिकलं तर गॅसची गोळी घेत बसू नका. या वयात ओव्हरीच्या गाठीची तपासणी लवकर आणि नीट व्हायला हवी. गाठ कर्करोगाची तर नाही ना, हे बघायला सीए-१२५ ही रक्ततपासणी तेव्हा करतात. तरुणपणी मात्र तो आकडा एंडोमेट्रिओसिस, टीबी, अगदी पाळीतही वाढतो, म्हणून रिपोर्टवरचा लाल आकडा बघून घाबरायचं नाही.

कारण ओव्हरी नसतंच तेव्हा

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो, आणि कामावर स्वच्छतागृह नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. त्यातून मुतखडा आणि लघवीचा जंतुसंसर्ग दोन्ही होतात. मुतखड्याची कळ पाठीतून जांघेत उतरते आणि बाई एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालते. अपेंडिक्सचं उलट: बेंबीपाशी सुरू होतं, काही तासांत उजवीकडे खाली सरकतं, भूक मरते आणि हललं की वाढतं.

सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर उभं राहणाऱ्या बायकांत कंबर आणि पोटाच्या स्नायूंचं दुखणंही पुष्कळ. डॉक्टर एक साधी युक्ती करतात: उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवतात आणि मान-खांदे वर उचलायला सांगतात. उचलल्यावर जास्त दुखलं तर कारण पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता वाढते. बद्धकोष्ठाने डावीकडे दुखतं ते शौचाला झाल्यावर हलकं होतं.

दाखवायला जाताना

ओपीडीचा केस पेपर सकाळी लवकर काढा. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावून न्या, आणि कॅलेंडरचं पान फाडून किंवा फोटो काढून न्या. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मराठीत नीट सांगता येत नसेल तर बहीण किंवा जाऊ सोबत असू द्या. संबंध, पांढरं जाणं, पाळी हे सासऱ्यांसमोर किंवा मुलासमोर सांगितलं जात नाही आणि नेमकं तेच राहून जातं. दोन मिनिटं एकटीशी बोला, असं डॉक्टरना सांगायचा तुम्हाला हक्क आहे. आतून तपासणी तुमच्या होकारानेच होते आणि त्या वेळी खोलीत बाई कर्मचारी असावी असं सांगता येतं.

दिवस जाण्याच्या वयात पहिली तपासणी गरोदरपणाची, मग लग्न झालेलं असो वा नसो. राग मानू नका, ती केल्याशिवाय पुढची औषधं सुरक्षितपणे देता येत नाहीत. घरी किट वापरणार असाल तर सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच रेघ बघा. किट निगेटिव्ह आलं पण शंका असेल तर रक्तातून बीटा एचसीजी, म्हणजे गरोदरपणाच्या हार्मोनची तपासणी, करतात.

पोटावरून सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी, मग लघवीला जायचं नाही. योनीमार्गातून करायची असेल तर उलट, लघवी करून जायचं. ओव्हरी त्यात जास्त स्पष्ट दिसते. संबंध न आलेल्या मुलीची ती करत नाहीत, पोटावरूनच बघतात. तातडी नसेल तर पाळी संपल्यावर लगेच, पाचव्या ते दहाव्या दिवसात केलेली बरी. चौदाव्या दिवशी गेलात तर "उजव्या ओव्हरीत २२ मिमी सिस्ट" असं कागदावर येतं आणि घरात रडारड होते. ती पिकलेल्या बीजाभोवतीची पाण्याची पिशवी असते, १८ ते २५ मिलिमीटरपर्यंत त्या दिवसांत ती असायलाच हवी.

रिपोर्टात चार गोष्टी शोधा. गाठ किती सेंटिमीटर. "सिंपल" म्हणजे नुसत्या पाण्याची, की आत पडदे आणि घट्ट भाग. पोटात "फ्री फ्लुइड", म्हणजे साठलेलं पाणी किंवा रक्त, किती. डॉपलरवर (रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत) रक्तपुरवठा कसा. पाळी चालू असलेल्या वयात पाच सेंटिमीटरच्या आतली साधी पाण्याची गाठ बहुतेक दोन-तीन पाळ्यांत जाते. पाच ते सातला पुन्हा बघावं लागतं, सातच्या वर पुढचा विचार. डर्मॉइड (आत चरबी, केस असलेल्या) आणि चॉकलेटी गाठी मात्र आपोआप जात नाहीत. आणि डॉपलर चांगलं आलं तरी पीळ नाहीच असं म्हणता येत नाही; दुखणं आणि उलट्या चालू असतील तर तसं पुन्हा सांगा.

गोळ्या आणि ऑपरेशन

घरी पॅरासिटामॉल ५०० ची एक किंवा दोन, सहा तासांच्या अंतराने, दिवसात सहाच्या वर नाही. वजन ५० किलोच्या आत असेल तर एका वेळी एकच, आणि यकृताचा आजार असेल तर डॉक्टरना विचारून. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड पाळीच्या दुखण्याला जास्त चांगलं लागतं, पण जेवणानंतर; दिवस गेल्याची शंका, अल्सर, दमा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर नको. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. मेडिकलवाल्याने सुट्या दिलेल्या अँटिबायोटिकच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी सूज दबते, जात नाही. ओटीपोटातल्या जंतुसंसर्गाचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो आणि नवऱ्यालाही औषध लागू शकतं, नाहीतर महिन्याभरात तेच दुखणं परत.

"पिशवी (म्हणजे गर्भाशय) काढून टाका, कटकट संपेल" असा सल्ला पहिल्याच भेटीत मिळाला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सही करू नका. पिशवी काढली आणि ओव्हरी ठेवली तर तिच्यात पुढेही गाठ होऊन दुखू शकतं. चाळिशीच्या आत दोन्ही ओव्हऱ्या काढल्या तर पाळी बंद झाल्यासारखं शरीर एका दिवसात बदलतं, हाडं आणि हृदय दोन्हींवर परिणाम होतो. पिशवी काढण्याची खरी गरज असतेही, पण ती कारणासह कागदावर लिहून मागा. गाठीपुरतं दुर्बिणीतून ऑपरेशन होईल का, हेही विचारा. खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे भरती होण्याआधीच विचारून घ्या.

ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासणीला जातो आणि त्याचा रिपोर्ट काही दिवसांनी येतो. टाके काढले की आणायला जायचं राहून जातं. तो आणा, डिस्चार्ज कार्डाला टाचा, आणि कार्डावर कुठली ओव्हरी काढली, कुठली ठेवली हे डॉक्टरकडून स्पष्ट लिहून घ्या. पुढे कधी पोट दुखलं की नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारेल.