कोंबड्यांसोबत अंड्यांसाठी बदकं पाळताय? या चुका टाळा

कोंबड्या आधीपासून असल्या की बदकं आणणं फार सोपं वाटतं. खुराडं आहे, खाद्याचं पोतं आहे, अंडी गोळा करायची सवय आहे; त्यात चार बदकं सोडली की झालं. सुरुवातीचे काही दिवस तसं निभावतंही. मग खुराड्यातला भुसा चिकचिकीत होतो, पाण्याच्या भांड्यात गाळ बसतो, एखादं पिल्लू लंगडायला लागतं आणि अंडी तर दिसतच नाहीत. यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच असतं, ते म्हणजे बदकाला कोंबडीच्या मापाने वागवणं. दोघांनी दिवसा एकाच अंगणात फिरायला काही हरकत नाही. रात्रीची जागा, पाणी आणि पिल्लं मात्र वेगळीच ठेवावीत, असं माझं ठाम मत आहे.

पाणी खुराड्याच्या आत ठेवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच. बदक कोरडा घास नुसता गिळत नाही. एक चोच खाद्य, एक चोच पाणी असं त्याचं चालतं. शिवाय नाकपुड्या आणि डोळे साफ राहायला त्याला अख्खं डोकं पाण्यात बुडवावं लागतं. कोंबड्यांचं उथळ भांडं दिलं तर तहान भागते, पण काही दिवसांत डोळ्यांत फेस दिसतो, नाकपुड्या बुजतात, डोळ्याखालची पिसं चिकटतात. अशा वेळी लोक आधी डोळ्यात घालायचं औषध शोधतात. आधी भांडं बदला. मोठ्या बदकांना १० ते १५ सेंटिमीटर खोल पाणी असलेली बादली किंवा घमेलं पुरतं. अंड्यांसाठी तळं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे. आठवड्यातून काही वेळा टबात अंग भिजवायला मिळालं तरी पिसं चांगली राहतात.

हेच खोल भांडं खुराड्यात ठेवलं की राडा सुरू होतो. बदक चोचीतलं पाणी आजूबाजूला उडवतं, ओलं खाद्य भुशात पडतं, त्याला बुरशी धरते, अमोनियाचा वास उठतो. आणि याची शिक्षा बहुधा कोंबड्यांना होते. रक्ती हगवणीच्या परजीवीची अंडी ओल आणि ऊब मिळाली की संसर्ग करण्याजोगी होतात. कोंबड्यांना त्रास देणाऱ्या त्याच्या जाती बदकांना लागत नाहीत. म्हणजे ओल करतं बदक आणि आजारी पडते तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी.

तेव्हा पाणी बाहेर, खुराड्यापासून शक्य तितकं लांब ठेवा. भांड्याखाली खडी पसरा किंवा जाळीचा पाट ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली झिरपेल. कोंबड्यांसाठी निपल (चोचीने ढकलल्यावर थेंबथेंब पाणी सोडणारी तोटी) लावलेलं भांडं उंच टांगा, तिथे बदकं घाण करू शकत नाहीत. रात्री मोठ्या बदकांना बंद करताना आत पाणी नसलं तरी चालतं, पण मग खाद्यही ठेवायचं नाही. खाद्य आहे आणि पाणी नाही, या अवस्थेत बदकाच्या घशात घास अडकू शकतो. टबात एक-दोन विटा पायरीसारख्या ठेवा. नाहीतर त्यात पडलेलं कोंबडीचं पिल्लू स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही.

दोन्ही पिल्लं एकाच ब्रूडरमध्ये

ब्रूडर म्हणजे पिल्लांना दिव्याची ऊब देणारी बंदिस्त जागा. त्यात दोन्ही एकत्र फोटोला छान दिसतात, एवढाच याचा फायदा. कोंबडीच्या पिल्लाला कोरडं आणि उबदार हवं असतं, बदकाचं पिल्लू तासाभरात सगळं ओलं करतं. ओल्या पिल्लाला गारठा बाधतो. शिवाय बदकाचं पिल्लू झपाट्याने वाढतं आणि बाकीच्यांना तुडवतं. पहिल्या आठवड्यात ३२ अंशांच्या आसपास ऊब द्या, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी करत जा. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा. दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय.

आईविना वाढवलेल्या पिल्लाला लगेच पोहायला सोडू नका. आईखाली वाढलेल्या पिल्लांच्या पिसांना तिच्या अंगावरचं तेल लागतं. ब्रूडरमधल्या पिल्लांना ते मिळत नाही आणि ती पाण्यात भिजून गारठतात. कोमट, उथळ पाण्यात काही मिनिटं, तुमच्या डोळ्यांसमोर, आणि मग पुन्हा उबेत, एवढंच करा.

खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवायचा मोह अनेकांना होतो आणि ती बसतेही मन लावून. गडबड होते ती दोन्ही प्रकारची अंडी एकाच दिवशी ठेवल्यावर. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, बदकाची २८ दिवसांत, मस्कोव्ही या बदकाच्या प्रकाराची सुमारे ३५. पहिली पिल्लं बाहेर आली की कोंबडी त्यांच्यामागे निघून जाते आणि उरलेली अंडी गार पडतात. एकत्रच ठेवायची असतील तर बदकाची अंडी ७ दिवस आधी ठेवा.

कोंबडीचं खाद्य जसंच्या तसं देणं

बदकाच्या पिल्लाचे पाय वाकडे व्हायला लागले, गुडघ्यासारखा दिसणारा सांधा सुजला, चालताना ते मध्येच बसायला लागलं, तर पहिला संशय नायसिनवर, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वावर घ्या. कोंबडीचं शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडंफार नायसिन बनवून वेळ निभावतं, बदकाला ते नीट जमत नाही. बदकाच्या पिल्लाच्या खाद्यात दर किलोला सुमारे ५५ मिलिग्रॅम नायसिन लागतं आणि कोंबडीच्या पिल्लांच्या साध्या स्टार्टर (सुरुवातीच्या) खाद्यात ते बहुधा कमी पडतं. उपाय सोपा आहे. एक कप खाद्याला साधारण एक टेबलस्पून ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरलं जाणारं, वाळवलेलं यीस्ट) मिसळा. लवकर लक्षात आलं तर पिल्लू काही दिवसांत उभं राहतं. हाडं वाकड्या स्थितीत पक्की झाल्यावर मात्र फारसं काही हाती लागत नाही. पाय दोन्ही बाजूंना फाकत असतील तर कारण वेगळं असू शकतं. ब्रूडरमध्ये खाली गुळगुळीत वर्तमानपत्र अंथरलंय का, तेही बघा.

औषध मिसळलेलं स्टार्टर खाद्य कोंबड्यांच्या वजनाचा आणि खाण्याचा हिशेब करून बनवलेलं असतं. बदकाची पिल्लं जास्त खातात, त्यांच्या पोटात औषधही जास्त जातं, आणि यातली काही औषधं बदकांसाठी नसतातच. बिनऔषधी खाद्य घ्या.

बुरशीच्या बाबतीत मात्र अजिबात सूट देऊ नका. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्कीची लाखाहून अधिक पिल्लं मेली. कारण निघालं बुरशी लागलेली भुईमुगाची पेंड, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाची पिल्लं या विषाला इतकी हळवी असतात की पुढे ते तपासण्यासाठी एक दिवसाची पिल्लंच वापरली जात. कोंबड्यांनी पचवलं म्हणून कुबट वासाचं खाद्य बदकांपुढे टाकू नका. शिळा पाव नको. त्याने पोट भरतं, पोषण होत नाही.

अंडी सुरू झाल्यावर दोघांनाही लेयर खाद्य चालतं. त्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असतं, जे वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. वेगवेगळ्या वयाचे पक्षी एकत्र असतील तर सगळ्यांना वाढीचं खाद्य द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्यांना गरज असते त्या माद्या तो बरोबर टिपतात.

गरज नसताना नर ठेवणं

अंड्यांसाठी नर लागत नाही, कोंबड्यांमध्येही नाही आणि बदकांमध्येही नाही. तो लागतो फक्त पिल्लं हवी असतील तर. बदकांमध्ये ही चूक जास्त महागात पडते, कारण नर बदकाला बाहेर येणारं लिंग असतं, कोंबड्याला तसं नसतं. कोंबडीचं शरीर त्यासाठी बनलेलं नाही. नर बदक कोंबडीवर चढलं तर तिला आतून इजा होते, कधी ती दगावतेही. कोंबड्यांतच लहानाचे मोठे झालेले नर हे जास्त करतात. कोंबडीच्या डोक्यामागची किंवा पाठीची पिसं गेलेली दिसली तर कोंबड्यासोबत नर बदकावरही नजर ठेवा. नर ठेवायचाच असेल तर एका नरामागे ४ ते ६ माद्या हव्यात, आणि एवढं करूनही तो कोंबड्यांच्या मागे लागत असेल तर त्याला वेगळं करा.

नर ओळखण्यात नवखे हमखास फसतात. मोठ्याने ओरडणारी असते ती मादी. नराचा आवाज बसलेला, घोगरा असतो. प्रौढ नराच्या शेपटीवर एक-दोन पिसं वर वळलेली दिसतात. मस्कोव्हीला यातलं काहीच लागू पडत नाही.

अंडी ‘बंद’ झाली असं समजणं

आधी जात तपासा. खाकी कॅम्पबेल चांगल्या सांभाळात वर्षाला २५० ते ३०० अंडी देते, रनरही भरपूर देते. पांढरी, भारदस्त पेकिन मुख्यतः मांसासाठी वाढवलेली जात आहे, तिच्याकडून तेवढ्या अंड्यांची आशा धरू नका. मस्कोव्ही थोडी अंडी घालून लगेच खुडूक बसते.

जात चांगली आहे आणि तरीही अंडी नाहीत? मग ती बहुतेक कुठेतरी पडलेली आहेत. बदक पहाटे ते सकाळी आठ-नऊच्या दरम्यान अंडं घालतं आणि कोंबडीसारखी घरट्याची फार पर्वा करत नाही. झुडपात, चिखलात, कधी थेट पाण्यात घालून मोकळं होतं. पहाटे दार उघडायची कोंबड्यांची सवय इथे नडते. दोन-चार दिवस बदकांना नऊपर्यंत आतच ठेवा आणि मोजा. कोंबड्यांची वर टांगलेली खोकी त्यांच्या उपयोगाची नाहीत. जमिनीलगत, तीन बाजूंनी बंद, भरपूर भुसा घातलेला कोपरा द्या.

आतही अंडं मिळालं नाही तर पिसं झडतायत का, जागा बदलली का, रात्री कुत्रं येऊन घाबरवून गेलं का, दिवस लहान झालाय का, हे पाहा. बदकं बदलाला फार मनावर घेतात. मादी शेपटी खालीवर हलवत जोर करतेय, पंख गळालेत, खात नाही, तर अंडं अडकलेलं असू शकतं. तिला कोमट पाण्यात बसवा आणि पशुवैद्याला गाठा; पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका.

रात्री एकाच छपराखाली

कोंबड्या दांडीवर झोपतात, बदकं खाली. त्यामुळे रात्रभराची शीट कुठे पडते ते सांगायला नको. बदकं अंधारातही जागी असतात, हलतात, आवाज करतात. कोंबड्यांची झोपमोड होते. आडोसा घालून का होईना, दोन भाग करा. बदकाला किमान ४ चौरस फूट जागा, कमी चढाची रुंद फळी आणि त्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर हवेची फट हवी. कोंबड्यांची पातळ षटकोनी जाळी कुत्रं फाडतं. तिथे जाड तारेची वेल्डेड जाळी लावा.

पकडताना कोंबडीसारखं पायाला धरू नका. बदकाचे पाय नाजूक असतात, सांधा निखळतो. दोन्ही पंख अंगाशी धरून, खालून आधार देऊन उचला.

कोंबडी आजारी, बदक ठणठणीत, म्हणजे बदकाचा दोष नाही?

असं धरून चालू नका. बर्ड फ्लूचा विषाणू बदकात कुठलीही लक्षणं न दाखवता राहू शकतो आणि कोंबड्या मात्र पटापट मरतात. मानमोडीचंही बरंचसं तसंच. रानबदकं उतरतात त्या पाण्यावर आपली बदकं सोडू नका आणि नवे पक्षी महिनाभर वेगळे ठेवा. अचानक बरेच पक्षी मेले तर हात न लावता पशुवैद्यकीय विभागाला कळवा. उलट, बदकांचा प्लेग कोंबड्यांना होत नाही. त्याच्या लशीबद्दल पशुवैद्याला विचारा.

उन्हाळ्यात बदकाने मान टाकली तर साचलेल्या, कुजक्या पाण्यातल्या बोटुलिझमचा विचार करा, बाकीच्यांना तिथून लगेच हलवा. बांधकामानंतर पडलेले खिळे, स्क्रू, तारांचे तुकडे वेचून काढा; चमकणारं काहीही बदक गिळतं. तळव्यावर काळी खपली दिसली तर खडबडीत जमिनीवर मऊ भुसा टाका आणि जखम दाखवून घ्या.

अंड्यांचं शेवटचं. बदकाचं अंडं ओल्यात पडतं म्हणून ते जास्त मळतं. माती कोरडीच घासून काढा. धुवायचंच असेल तर अंड्यापेक्षा गरम, सोसवेल इतक्या पाण्याने धुवा, गार पाण्याने बाहेरचे जंतू कवचातून आत ओढले जातात. धुतलेलं अंडं फ्रिजमध्ये ठेवा आणि पूर्ण शिजवूनच खा. चिखलात सापडलेलं, कधी घातलं ते ठाऊक नसलेलं अंडं सरळ टाकून द्या.